कान पुन्हा वाजू लागले तर...

‘कान वाजले असतील तुझे,’ असे आपण घरात सहज म्हणून जातो. कोणी हाक मारलेली नसताना एखाद्याला हाक ऐकू आली, की त्याची थट्टा करण्यासाठी हे वाक्य ठरलेले आहे. परंतु ज्याचे कान खरोखरच रात्रंदिवस वाजतात, त्याला ही थट्टा कशी लागत असेल? कुणाच्या कानात रातकिडा ओरडतो, कुणाच्या कानात बारीक शिट्टी, तर कुणाच्या कानात कुकरची वाफ सुटावी तसा आवाज. बाहेर काही नाही, शेजारी बसलेल्याला काही ऐकू येत नाही, पण ज्याचे त्याला ऐकू येते. वैद्यकात याला कर्णनाद म्हणतात. त्याच्या जोडीने पुष्कळांना आणखी एक दुखणे जडते. साधे आवाजही सोसवत नाहीत. ताट पडले, दार आपटले, मूल किंचाळले, की कानात सुई टोचल्यासारखे होते.

या दुखण्यावर उपाय काय, हे लोक विचारतात आणि डॉक्टर सांगतातही. पण एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ती अशी की, हे दुखणे सुधारता सुधारता उलटते. सहा महिने, वर्षभर बरे जाते, माणूस कामाला लागतो, हसू-बोलू लागतो आणि एके दिवशी कान पुन्हा पहिल्यासारखे वाजू लागतात. त्या दिवशी माणूस जितका खचतो तितका तो पहिल्या दिवशीही खचलेला नसतो. आजचा हा लेख त्या उलटण्याविषयी आहे.

आम्ही वैतरणा स्टेशनजवळ राहतो आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कारकुनी करतो. हजेरी, रजा, पगारपत्रक हे आमचे रोजचे काम. संध्याकाळी वस्तीतील लोकांचे अर्ज आणि दवाखान्याचे कागद पाहणे हे आमचे दुसरे काम. त्यामुळे कानाच्या तक्रारी आमच्याकडे दोन वाटांनी येतात. तिसरी वाट घरचीच आहे. आमचे स्वतःचे दोन्ही कान गेली नऊ वर्षे वाजत आहेत आणि या नऊ वर्षांत ते चार वेळा उलटले आहेत.

आपल्या भागात हे दुखणे असणार नाही तर कुठे असणार? तारापूरच्या वसाहतीत लूम आहेत, रोलिंग मिल आहेत, कॉम्प्रेसर आहेत. फलाटावर उभे राहावे तर न थांबणाऱ्या गाड्या भोंगा वाजवीत अंगावरून गेल्यासारख्या जातात. लग्नसराई आली की बँड आणि डीजे. २०२२ साली निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढ माणसांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनाद जाणवतो आणि सुमारे २ टक्के लोकांना तो फार तीव्र असतो. म्हणजे पन्नास कामगारांच्या खात्यात सरासरीने सात जणांचे कान वाजत असतात आणि त्यातला एखादा रात्र रात्र जागत असतो.

आवाज येतो कुठून?

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक लहानसा अवयव आहे. त्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. बाहेरचा आवाज त्यांना हलवतो आणि त्या मेंदूकडे संदेश पाठवतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी या पेशी मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूला कानाकडून कमी संदेश येऊ लागतात. रेडिओचे स्टेशन नीट लागत नसले की आपण आवाजाचे बटण पिळतो आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते. मेंदूही तसेच काहीसे करतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. ती खरखर म्हणजे कर्णनाद.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. मूळचे पोलंडचे शास्त्रज्ञ पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० साली एक विचार मांडला. नाद कानात किंवा श्रवणाच्या वाटेवर उगम पावतो हे खरे, पण त्याचा त्रास होतो तो मेंदूतील भीतीच्या आणि सावधगिरीच्या केंद्रांमुळे. मेंदूने एखाद्या आवाजावर ‘धोका’ असा शिक्का मारला, की तो त्याच्यावरचे लक्ष काढत नाही. शिक्का पुसला गेला की आवाज असूनही जाणवेनासा होतो. घड्याळाची टिकटिक, पंख्याची घरघर आपण दिवसभर ऐकत असतो, पण आपल्याला ती ऐकू येते काय?

हे समजून घेण्यासाठी दूर जायला नको. डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांमध्ये नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान-मोठे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. जमिनीतून गडगडाट येई, लोक घर सोडून थंडीत तंबूत झोपत. अशा रात्री काढलेल्या माणसाला पुढे रस्त्यावरून जड ट्रक गेला तरी दचकायला होते. त्याच्या कानात काही बिघडलेले नसते. मेंदूने गडगडाटावर शिक्का मारलेला असतो. आवाज सहन न होण्याचे दुखणे पुष्कळ अंशी असेच असते आणि म्हणूनच ते सुधारूही शकते.

उलटते कशाने?

आम्ही आमची आणि ओळखीच्या लोकांची उलटलेली दुखणी एकामागोमाग एक मांडून पाहिली. कारणे फार वेगळी निघत नाहीत. लग्नातला डीजे किंवा दिवाळीतला फटाका हे तर आहेच. पण तितक्याच वेळा कारण आवाजाचे नसते. सर्दी-पडसे होऊन कान दडतात. रात्रपाळ्या लागोपाठ येतात आणि झोप तुटते. घरात आजारपण येते, मुलीच्या शिक्षणाच्या पैशांची चिंता लागते, ठेकेदार कामावरून काढण्याची भाषा करतो. एखादे नवे औषध सुरू होते. आणि कधी कधी काहीच कारण सापडत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्दीने, जागरणाने किंवा काळजीने नाद वाढला, म्हणून कानातील आणखी पेशी मेल्या असे होत नाही. मेंदूचा शिक्का पुन्हा उठून दिसू लागला, एवढाच त्याचा अर्थ असतो. असा वाढलेला नाद बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपल्या पहिल्या पातळीवर येतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. एका दिवसाच्या रोजमेळावरून धंदा चालला की बुडाला हे कोणी ठरवीत नाही. त्यासाठी वर्षाचा ताळेबंद पाहावा लागतो. कान उलटला त्या रात्री माणूस त्या एका दिवसाचा रोजमेळ पाहतो आणि ‘सगळे बुडाले’ म्हणतो. गेल्या वर्षभरात तो किती रात्री शांत झोपला, किती दिवस कामावर गेला, मुलांबरोबर किती वेळा बाजारात हिंडला, ही जमेची बाजू तो विसरतो. ती बाजू मिटलेली नसते. मेंदूने एकदा शिकलेले तो पुन्हा शिकतो आणि दुसऱ्या वेळी बहुधा लवकर शिकतो.

एकाच माणसाचे दोन अनुभव

लूम खात्यातील एक कामगार बंधू आम्हाला चांगले माहीत आहेत. सतरा वर्षे लूमवर काढली. कान वाजू लागल्यावर सुरुवातीचे सहा-सात महिने त्यांनी फार वाईट काढले. पुढे तपासणी झाली, समजावणारी बाई भेटली आणि दीड वर्षात ते पुष्कळ सावरले. मग पुतण्याच्या हळदीला डीजे लागला आणि दुसऱ्या दिवशी कान उलटला.

त्यांनी काय केले? कानात कापूस घातला. घराच्या खिडक्या बंद केल्या. कामावर जाणे थांबवले. वहिनींनी मुलांना ‘बोलू नका’ म्हणून तंबी दिली आणि टीव्हीवर कापड टाकले. तिघांच्या खोलीत पाच माणसे कुजबुजत राहू लागली. तीन आठवड्यांनी ते आमच्याकडे आले तेव्हा ताटावर वाटी टेकल्याचाही त्यांना त्रास होत होता. म्हणाले, ‘भाऊ, राजीनामा लिहून द्या. कान पहिल्यासारखा झाला. सगळी मेहनत पाण्यात गेली.’

आम्ही राजीनामा लिहिला नाही, रजेचा अर्ज लिहिला. राजीनामा दिला की पगार गेला आणि पुढे विम्याचा दवाखानाही जाणार. पोटाची काळजी वाढली की कान आणखी वाजणार. त्यांना पुन्हा तपासणीस नेले. ऐकण्याचा आलेख पहिल्या वेळी होता तसाच निघाला, नवे नुकसान नव्हते. कापूस काढायला सांगितला, दिवसभर टेबल फॅन सुरू ठेवायला सांगितला आणि रोज थोडे बाहेर पडायला लावले. पहिले आठ दिवस कठीण गेले. दोन महिन्यांनी ते कामावर रुजू झाले. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांना पॅकिंग खात्यात बदली मिळाली आहे.

पुढच्या पावसाळ्यात सर्दीने त्यांचा कान पुन्हा उलटला. या वेळी त्यांनी खिडकी बंद केली नाही. दोन दिवस रजा घेतली, तिसऱ्या दिवशी पाळीला गेले. पंधरा दिवसांत नाद खाली आला. कान तोच, घर तेच, माणूस तोच. फरक पडला तो उलटल्यानंतरच्या वागण्यात.

शांततेचा सापळा

आवाजाने त्रास होतो, म्हणून माणूस शांततेकडे धावतो. हे स्वाभाविक आहे, परंतु येथेच घात होतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग केला. ज्यांचे कान चांगले होते अशा ८० माणसांना त्यांनी एकेक करून आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते सांगायला लावले. पाच मिनिटांच्या आत ९४ टक्के लोकांना काही ना काही नाद ऐकू आला. म्हणजे पूर्ण शांततेत निरोगी माणसाचेही कान वाजतात. मग ज्याचे आधीच वाजतात त्याने स्वतःला शांततेत कोंडून घेतले तर दुसरे काय होणार?

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात काही लोकांनी दोन आठवडे कानात बोळे घातले आणि काहींनी कानाला मंद आवाज देणारे लहान यंत्र लावले. बोळे घातलेल्यांना नंतर आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले. मंद आवाज ऐकलेल्यांना मोठे आवाज जास्त सोसू लागले. आमच्या त्या कामगार बंधूंना वाटीचा आवाज का टोचू लागला, याचे उत्तर येथे मिळते.

म्हणून नियम साधा आहे. मशीनजवळ, फटाक्यांजवळ, डीजेजवळ कानाला संरक्षण हवेच हवे आणि तेही नीट बसणाऱ्या इअरप्लगचे किंवा इअरमफचे. साध्या कापसाचा तेथे फारसा उपयोग नाही. मात्र घरात, गाडीत, बाजारात, जेवताना कान मोकळे ठेवावेत.

आपल्या भागासाठी आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. वैतरणा आणि सफाळे यांच्या मधल्या वाढीव बेटावरची माणसे वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून पायी ये-जा करीत आली आहेत. रूळ ओलांडणारे तर प्रत्येक स्टेशनवर आहेत. मुळात रुळावर चालणे धोक्याचेच. त्यात कान दुखतो म्हणून बोळा घालून कोणी रुळाजवळ जाऊ नये. तेथे ऐकू येणे म्हणजे जीव वाचणे.

उलटल्यावर पहिले काही दिवस

कान उलटला, की पहिल्या दिवशी स्वतःला एवढेच सांगावे: हे पूर्वी झाले होते आणि खाली आले होते. मोठ्या आवाजामुळे उलटला असेल तर दोन-तीन दिवस मोठ्या आवाजापासून दूर राहावे. त्यापेक्षा जास्त दडून बसू नये.

झोपताना खोलीत मंद आवाज असू द्यावा. पंखा चालेल, पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस चालेल, रेडिओ अगदी हळू चालेल. हा आवाज इतकाच असावा की कानातला नाद त्याच्यात मिसळेल, पण बुडणार नाही. नाद पूर्ण बुडवण्यासाठी मोठा आवाज लावणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत नाद मोजू नये. उठून बसावे, काही साधे काम करावे, डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हावे. रोज उठण्याची वेळ मात्र बदलू नये.

जो आवाज टोचतो त्याच्याकडे पायरी पायरीने परतावे. मुलांचा गलका सोसवत नसेल तर आधी दुसऱ्या खोलीतून, मग दारातून, मग त्यांच्यात बसून, पाच मिनिटांची दहा मिनिटे करीत जावे. जिद्दीने एकाच दिवशी सगळे सोसायला जाऊ नये आणि भीतीने सगळे सोडूही नये.

रोज सकाळी ‘आज किती आहे’ म्हणून नाद तपासू नये. मोजायचेच असेल तर आठवड्यातून एकदा, आणि तेही नाद नव्हे. किती तास झोप झाली, किती दिवस कामावर गेलो, किती माणसांशी बोललो, हे मोजावे.

भगवान बुद्धांनी सांगितलेली दोन बाणांची उपमा आपल्या वाचकांना नवी नाही. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा आपण आपल्याच मनाला मारून घेतो. कानातला नाद हा पहिला बाण. ‘आता माझे कसे होणार’ हा दुसरा. पहिला आपल्या हाती नसेल, दुसरा पुष्कळसा आहे. मात्र जे आनापान करतात त्यांना एक सूचना. एकदम निःशब्द खोलीत डोळे मिटून बसल्यास नाद प्रथम मोठा वाटतो. घाबरू नये, पंखा सुरू ठेवून बसावे.

घरच्यांनी काय करावे?

या दुखण्याची जखम दिसत नाही, प्लास्टर नाही, ताप नाही. म्हणून घरात दोन टोके होतात. एक तर ‘तुमचे रोजचेच नाटक’ म्हणून टोमणा मारला जातो, नाहीतर सगळे घर चिडीचूप केले जाते. दोन्ही चूक. पहिल्याने माणूस एकटा पडतो आणि दुसऱ्याने त्याचे दुखणे वाढते.

भगिनींना आमची विनंती आहे. घर नेहमीसारखे चालू द्यावे. कुकरची शिट्टी होण्याआधी, मिक्सर लावण्याआधी एक शब्द सांगावा, म्हणजे दचकणे टळते. भांडी घासताना खाली जुने फडके पसरावे. ‘आज कमी आहे का?’ असे दिवसातून चार वेळा विचारू नये. प्रेमाने विचारले तरी त्या प्रश्नाने लक्ष पुन्हा कानाकडेच जाते. त्याऐवजी त्याला बाजारात, नातेवाइकांकडे, मुलांच्या अभ्यासात ओढावे. आणि हे दुखणे बायकांनाही होते, हे पुरुषांनी विसरू नये. कामावरून येऊन चुलीपुढे उभी राहणारी बाई ‘कान वाजतात’ म्हणाली, तर तिला तपासणीला नेण्यासाठी एक खाडा करायची तयारी असावी.

दुखणे उलटल्यावर काही जणांना जगणे नकोसे वाटते. ही गोष्ट लपवून ठेवू नये. कोणी तसे बोलले तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा सरकारी टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

डॉक्टरकडे केव्हा धावायचे?

उलटणे साधे आहे असे सांगितले, म्हणून प्रत्येक बदल साधा मानू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जावे. त्यावर उपचार आहे, पण तो पहिल्या काही दिवसांतच गुण देतो. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडत असेल, गरगरत असेल, कान वाहत असेल किंवा तोंड एका बाजूला वाकडे झाले असेल, तरीही थांबू नये. क्षयरोगाच्या जुन्या उपचारांतील स्ट्रेप्टोमायसीन, कॅनामायसीन ही इंजेक्शने, मलेरियावरील क्विनीन, भरपूर मात्रेतील अॅस्पिरीन यांनी कान वाजू शकतात. औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. कानात गरम तेल ओतणे, काडी घालणे, रस्त्यावर कान कोरून घेणे हे प्रकार मात्र बंद करावेत.

तपासणीसाठी मुंबईला वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. ही केंद्र सरकारची संस्था १९८३ साली स्थापन झाली. मुंबई सेंट्रलजवळच्या नायर रुग्णालयातही श्रवणतपासणीचा विभाग आहे. विरारला गाडी बदलली की दोन्ही ठिकाणी पोहोचता येते. जुने आलेख, जुन्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. उलटलेल्या कानाचा आलेख जुन्याशी ताडून पाहता येतो आणि निम्मी भीती तेथेच उतरते.

‘कानातला आवाज कायमचा बंद’ अशा जाहिरातींना भुलू नये. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जिंकगो, जस्ताच्या गोळ्या यांची शिफारस करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. शिफारस आहे ती भीतीचे विचार आणि वागणे बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाची आणि कमी ऐकू येत असल्यास श्रवणयंत्राची. कान उलटल्याच्या घाबरगुंडीतच माणूस हजारो रुपये उधळतो, म्हणून त्या दिवसांत पैशाचा कोणताही निर्णय घेऊ नये.

खाते आणि मिरवणूक

सगळा भार दुखणाऱ्यानेच उचलायचा काय? नाही. कारखान्यांच्या नियमांत वर्षानुवर्षे एक गणित धरलेले आहे. ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल, ९५ डेसिबलला ४ तास, १०० डेसिबलला २ तास. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराला तर ९० ही मर्यादाही जास्तच होते. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती हा कायद्याच्या यादीत नोंदलेला कामाचा आजार आहे. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर कामाचे खाते आणि किती वर्षे काम केले याची नोंद डॉक्टरांकडून करून घ्यावी, तिची प्रत ठेवावी आणि खाते बदलून मिळावे म्हणून लेखी अर्ज करावा. तोंडी सांगितलेले हवेत जाते, लेखी अर्जाला उत्तर द्यावे लागते. ठेकेदाराकडील कामगारांनी हा अर्ज एकट्याने न करता चार-पाच जणांनी मिळून करावा.

आणि आता आपल्या आनंदाविषयी. मिरवणूक कोणाचीही असो, लग्नाची, उत्सवाची किंवा आपल्या १४ एप्रिलची, ट्रकवर रचलेल्या स्पीकरपुढे नाचणाऱ्या तरुणाचा कान तो कोणत्या मिरवणुकीत आहे हे विचारीत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. खांद्यावर मूल घेऊन स्पीकरजवळ जाणाऱ्या बापाने क्षणभर थांबावे. त्या मुलाच्या केसपेशी त्याला आयुष्यभर पुरवायच्या आहेत. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी स्पीकरची भिंत लहान केली, तर आनंद कमी होणार नाही आणि कडेच्या खोलीत कान धरून बसलेला आपलाच एखादा बांधव दारात येऊन उभा राहू शकेल.

ज्यांचे कान आज उलटले आहेत, त्यांना शेवटी एवढेच सांगतो. खिडकी उघडी ठेवा, पंखा सुरू ठेवा, राजीनामा लिहू नका. कान आठवड्याने खाली येईल, कदाचित महिन्याने येईल. तोपर्यंत आपले रोजचे काम जेवढे जमेल तेवढे करीत राहा. आणि ज्यांच्या शेजारी असा कोणी आहे, त्यांनी पुढच्या वेळी ‘कान वाजले असतील तुझे’ म्हणण्याआधी त्याला विचारावे, ‘चल, तपासून येऊ या का?’